दुभंगलेल्या ओठाचं ऑपरेशन खरंच फुकट होतं का?

हो, होतं. तुम्ही लिहिलंय की शहाद्याकडच्या तुमच्या शेतावर राहणाऱ्या सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याची, मुलगी दोन महिन्यांची आहे, ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले आहेत, आणि ‘पैसे संस्था भरते’ यावर घरच्यांचा विश्वास बसत नाही. मी आशांची गटप्रवर्तक आहे, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर फिरते. ऑपरेशन झालेली लेकरं डोळ्यांनी पाहिली आहेत.

स्माईल ट्रेन ही संस्था १९९९ पासून हेच काम करते. ती इथल्याच रुग्णालयांना ऑपरेशनचा खर्च देते, आईबापांच्या हातातून पैसा जातच नाही. म्हणून गावात येऊन कुणी नोंदणीचे पैसे मागितले तर देऊ नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत मुलं तपासायला वर्षातून दोनदा येतं, पण तोवर थांबू नका. आजच आशाताईला सांगून जिल्हा रुग्णालयात नोंद करून घ्या.

खरी अडचण वजनाची असते. ओठाचं ऑपरेशन साधारण तीन महिन्यांनंतर करतात, पण वजन निदान साडेचार-पाच किलो आणि हिमोग्लोबिन १० लागतं. टाळूला फट असली की बाळाला ओढता येत नाही, दूध नाकातून येतं. आई घाबरते आणि पाजणंच कमी करते. तिला सांगा, दूध वाटीत पिळून काढायचं, बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरायचं आणि लहान चमच्याने गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडायचं. गिळल्यावरच पुढचा चमचा. मधेमधे ढेकर काढायची. वेळ लागतो, पण वजन चढतं.

आणि ‘ग्रहणात विळी धरली असेल’ असं त्या बाईला कुणी बोललं तर तुम्ही मध्ये पडा. ओठ जुळतो गर्भाच्या दुसऱ्या महिन्यात, तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचं पक्कं कळलेलंही नसतं. तिचा यात काडीचा दोष नाही.

टाळूचं ऑपरेशन वेगळं असतं, साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. आपल्याकडे तेच राहून जातं. ओठ शिवला की चेहरा छान दिसतो, सगळे खूश होतात. मग आखाजी (अक्षय्य तृतीया) येते, साल संपतं, सालदार दुसऱ्या गावी लागतो, फोन नंबर बदलतो आणि रुग्णालयाला लेकरू सापडत नाही. टाळू तशीच राहिली तर पोर नाकात बोलतं, कानात पाणी साठून ऐकूही कमी येऊ शकतं. ऑपरेशननंतर बोलण्याचे व्यायामही लागतात.

म्हणून रुग्णालयाच्या कार्डावर तुमचाही नंबर लिहून द्या. सालदार पुढच्या साली दुसरीकडे गेला तरी तारखेची आठवण तुम्ही करा. आणि दवाखान्याच्या दिवसांचे खाडे धरू नका. ऑपरेशन फुकट असलं तरी आईबापाची मजुरी कुठलीच संस्था भरून देत नाही, आणि ती बुडेल या भीतीने लोक तारीख चुकवतात.