पीसीओएस, थायरॉईड आणि रक्तक्षय: गोळ्या घेऊनही फरक का पडत नाही?

"मॅडम, सहा महिन्यांपासून गोळ्या खाऊन राहिली, फरक काहीच नाही. आता सगळ्याच बंद करू का?" नागपुरातल्या मानेवाड्याकडून आलेल्या चोवीस वर्षांच्या मुलीचा हा प्रश्न. असाच प्रश्न घेऊन अनेक जणी येतात. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पिशवीत तीन फायली होत्या. पीसीओएसची (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होणारा त्रास), थायरॉईडची आणि केसगळतीची. पाळी चार महिने आलेली नव्हती, हिमोग्लोबिन 9.2 होते. औषधे तिन्हीकडची बरोबर होती, पण तिन्ही कागद शेजारी ठेवून कुणी वाचले नव्हते.

तिला कालचा दिवस घड्याळाप्रमाणे सांगायला लावले. सकाळी सातला थायरॉईडची गोळी, पाठोपाठ आईने दिलेला दुधाचा चहा आणि त्याच चहाबरोबर लोहाची गोळी. गोंधळ इथेच होता. लोह आणि कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला पोटातच अडवतात, आणि चहा लोहाला नीट शोषू देत नाही. दोन्ही गोळ्या बऱ्याच अंशी वाया जात होत्या. त्यात थायरॉईड कमी असले की पाळी लांबते, वजन वाढते, केस गळतात, म्हणजे सगळे पीसीओएससारखेच. टीएसएच (थायरॉईड कमी पडले की रक्तात वाढणारा आकडा) आटोक्यात आल्याशिवाय कोणते लक्षण कशाचे हे कळत नाही.

नवे वेळापत्रक तिच्या डॉक्टरांना दाखवून ठरवले. उठल्यावर थायरॉईडची गोळी साध्या पाण्याबरोबर, मग निदान अर्धा तास, जमल्यास तासभर काही नाही. लोह त्यानंतर किमान चार तासांनी, दुपारी, लिंबूपाणी किंवा संत्र्याच्या फोडींबरोबर. पीसीओएससाठी दिलेली मेटफॉर्मिन, म्हणजे इन्सुलिनचे काम सुधारणारी गोळी, तिने आठवड्यातच सोडली होती, कारण ती रिकाम्या पोटी घेऊन मळमळ आणि जुलाब व्हायचे. डॉक्टरांनी ती 500 मिलिग्रॅमपासून, रात्रीच्या जेवणाबरोबर पुन्हा सुरू केली. ही गोळी वर्षानुवर्षे चालणार असेल तर मधूनमधून बी12 तपासून घ्यावे.

केसगळतीच्या फाइलमध्ये बायोटिन हे केसांसाठी दिले जाणारे जीवनसत्त्व होते, जास्त मात्रेचे. त्यामुळे काही पद्धतींच्या थायरॉईड तपासणीत टीएसएच खोटा कमी दिसू शकतो. डॉक्टरांना सांगून तपासणीआधी ते दोन-तीन दिवस थांबवायचे.

विदर्भात आणखी एक गोष्ट विचारावीच लागते: घरात कुणाला सिकलसेल, म्हणजे लाल पेशींचा आनुवंशिक आजार, आहे का? तिचा मामेभाऊ सिकलसेलचा रुग्ण निघाला. तिची तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए1सी, 6.1 होती. पण लोह कमी असले की हा आकडा खोटा वर जातो, आणि सिकलसेल आजारात लाल पेशी लवकर मरत असल्याने खोटा खाली येतो. म्हणून डॉक्टरांनी इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी रक्ततपासणी) आणि 75 ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची चाचणी करवली. ती सिकलसेलची वाहक निघाली, साखर 152. म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था खरीच होती. वाहक असणे म्हणजे आजार नव्हे, मात्र लग्नाआधी मुलाचीही तपासणी हवी, हे आईसमोरच बोललो.

"लग्न झालं की पाळी आपोआप नीट होते म्हणतात," असे आईचे म्हणणे. तसे होत नाही. मूल राहायला उशीर होऊ शकतो, पण बहुतेकींना उपचारांनी राहते. खरी काळजी वेगळी आहे. तीन-तीन महिने पाळी न आल्यास गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते. म्हणून नव्वद दिवस उलटले की आधी गर्भधारणा चाचणी, मग डॉक्टर. हार्मोनच्या गोळ्या लिहून घेताना अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक येते का, ते आवर्जून सांगावे. येत असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळतात.

पथ्याच्या नावाखाली तर्री-पोहे सोडायची गरज नव्हती. पोहे निम्मे, तर्रीतले हरभरे दुप्पट, वरचा तेलाचा तवंग बाजूला. संत्र्याचा रस नको, अख्खे संत्रे खायचे. चालणे आठवड्याला 150 मिनिटे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीवर जातो, तेव्हा पहाटे साडेपाचला किंवा घरातच. वजन 72 किलो होते. पहिले लक्ष्य साडेतीन किलोंचे, त्याहून मोठे नाही. हनुवटीवरच्या केसांवर औषधाचा परिणाम दिसायला सहा महिने लागतात, हे आधीच सांगितले, नाहीतर दुसऱ्या महिन्यात मन खचते.

आठ आठवड्यांनी टीएसएच 9.8 वरून 3.4 वर आला. डॉक्टरांनी मात्रा बदलली नव्हती. आई आता गोळीनंतर अर्धा तास गॅसच पेटवत नाही.