हॉस्पिटलमधल्या कम्प्लायन्स ऑफिसरचं काम म्हणजे नुसत्या फायली सांभाळणं का?

तुम्ही लिहिलंय की नर्सिंगनंतर हॉस्पिटल मॅनेजमेंट केलं, पुण्यातल्या एका हॉस्पिटलात कम्प्लायन्सची, म्हणजे कायदे-नियम पाळले जातात ना हे बघण्याची, जागा मिळतेय, पण 'तिथे फायलीच सांभाळायच्या' असं सगळे सांगतात. मी पुण्यातच हे काम नऊ वर्षं करतेय. फायली आहेत, भरपूर आहेत. नर्सिंग होमची नोंदणी महापालिकेकडे, दर तीन वर्षांनी नूतनीकरण. आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फायरचा 'फॉर्म बी', जानेवारीत आणि जुलैत. बायोमेडिकल कचऱ्याचा वार्षिक अहवाल 30 जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. सोनोग्राफीचा मासिक अहवाल पाच तारखेच्या आत. यातला 'फॉर्म एफ', म्हणजे गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद, तर जिवाला घोर लावतो, कारण गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्यात नोंदीतली त्रुटी हाच गुन्हा धरला जातो, आणि तसं नव्हतं हे डॉक्टरांनी सिद्ध करायचं असतं. एक रकाना रिकामा राहिला म्हणून मशीन सील होऊ शकतं.

पण या कामाचा खरा अर्थ मला कळला तो एका मावशींमुळे. कचरा उचलताना पिवळ्या पिशवीतली सुई त्यांच्या बोटात घुसली. पिवळ्यात रक्ताळलेला कापूस, ड्रेसिंग जायला हवं. सुई पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, काचेच्या बाटल्या निळ्यात. रजिस्टर काढलं तर प्रशिक्षण झालेलं, मावशींची सहीसुद्धा होती. विचारल्यावर कळलं, प्रशिक्षण सकाळी अकराला, इंग्रजी स्लाइड्सवर झालं होतं. त्या रात्रपाळीच्या, तेव्हा घरी झोपलेल्या. सही नंतर घेतली. शिवाय त्या कंत्राटी, म्हणून हिपॅटायटिस बीची लसही दिलेली नव्हती. बायोमेडिकल कचऱ्याच्या 2016च्या नियमांत कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ती द्यायची आहे; कायम की कंत्राटी, असा भेद त्यात नाही.

त्यांना लगेच औषधं सुरू केली. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली. पुढे सहा महिने तपासण्या चालल्या आणि सगळं व्यवस्थित निघालं, पण ते सहा महिने त्या बाईंनी कसे काढले ते मी पाहिलंय. तेव्हापासून आमचं प्रशिक्षण संध्याकाळी साडेसातला, वॉर्डातच, खऱ्या बादल्या समोर ठेवून, मराठीत होतं. सही घेण्याआधी प्रत्येकीला विचारते, "ही सुई कुठे टाकाल?"

फायरचंही तेच. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत दहा नवजात बाळं गेली. तेव्हापासून दर सोमवारी मी आमच्या एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, मागच्या दारापर्यंत स्वतः जाते. तिथे सलाइनचे खोके रचलेले दिसले तर माझ्यासमोर हलवल्याशिवाय निघत नाही. इन्चार्ज सिस्टर चिडतात. त्यांची अडचण मला पटते, जागा खरंच कमी आहे. तरी खोके हलतात.

रात्रीचे फोनही येतात, मुख्यतः बिलिंगवरून. 2021मध्ये राज्याच्या नर्सिंग होम नियमांत रुग्णहक्कांची सनद आली. बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. ते माहीत असूनही काउंटरवरचा मुलगा वरच्यांच्या भीतीने थांबतो. "देह सोपव, जबाबदारी माझी" हे त्याला रात्री दोन वाजता सांगणारं कुणीतरी हवं असतं.

बऱ्याच ठिकाणी हे काम क्वालिटी मॅनेजरच्याच गळ्यात असतं, त्यामुळे पदाच्या नावावर जाऊ नका. मुलाखतीत दोन गोष्टी विचारा: मी कुणाला उत्तर द्यायचं, आणि एखादं मशीन किंवा ओटी (ऑपरेशन थिएटर) थांबवायला सांगण्याचा अधिकार मला आहे का? कमाईची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांच्याच हाताखाली हे पद असेल तर मी जाणार नाही. मी थेट मेडिकल डायरेक्टरांना उत्तर देते, आणि ते नियुक्तीपत्रात लिहून घेतलंय. तुम्हीही तेवढं लिहून घ्या, मगच होकार कळवा.