लातूर की कोटा? दोन्ही नको

पत्र (थोडक्यात): सोलापुरात माझं सूत रंगवायचं डाइंग युनिट आहे. मुलीने दोनदा मेडिकलची 'नीट' परीक्षा दिली, नंबर लागला नाही. सध्या बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, विषय केमिस्ट्री. आजीला इन्सुलिनचं इंजेक्शन ती सातवीपासून देते, हात थरथरत नाही. तेव्हापासून विचारायची, 'हे बाटलीत येतं कुठून?' आता म्हणते, इन्सुलिन शुद्ध करतात तिथं काम करायचंय. कारखान्यात गाळायचं काम करण्यासाठी आम्ही तिला शिकवलं का? तिसऱ्या प्रयत्नासाठी लातूर बरं की कोटा?

उत्तर:

लातूर नको आणि कोटाही नको.

तुमच्या मूळ पत्रात भाच्याचं एमबीबीएस तीनदा आलंय. मुलीचं म्हणणं एकदाच, आणि तेही तक्रार म्हणून. परत नीटला बसायचंय का, हे तिला कुणी विचारल्याचं दिसत नाही. दोनदा नापसंतीचा शिक्का बसल्यावर पोरगी स्वतःहून उठली, कॉलेजला जायला लागली, आणि तुम्ही तिला पुन्हा त्याच रांगेत उभी करताय. मला काळजी वाटते ती याची. मार्कांची नाही.

हात थरथरत नाही म्हणून डॉक्टर, हेही मला पटत नाही. ती विचारत होती बाटलीबद्दल. तुम्ही ऐकलंत सुईबद्दल.

आता 'गाळायचं काम'. चहा गाळावा तसं इन्सुलिन गाळता येत नाही. ते तयार होतं जनुक बदललेल्या जिवाणूत किंवा यीस्टमध्ये, आणि बाहेर येतं ते शेकडो नको असलेल्या प्रथिनांच्या गर्दीत. गर्दी हटवणं त्यातल्या त्यात सोपं. खरी डोकेदुखी इन्सुलिनच्या जुळ्या भावंडांची. इन्सुलिनच्या रेणूचं वजन सुमारे ५८०८. त्याच्या ५१ अमिनो आम्लांपैकी एक जरा बिघडलं, की वजनात फरक पडतो फक्त १ चा! ही भावंडं वेगळी काढायला सिलिकाने भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, द्रावण सोडतात, असिटोनायट्राइलसारख्या द्रावकाचं प्रमाण हळूहळू वाढवतात, आणि एकेक घटक पाठोपाठ बाहेर पडतो. नेमकं कुठून गोळा करायचं आणि कुठे थांबायचं, यात कसब आहे. हावरटपणा केला तर अशुद्धी आत येते, फार सोवळं पाळलं तर महागडा माल वाया जातो. शेड जुळला नाही की अख्खा लॉट परत येतो, हे तुम्हाला मी काय सांगणार?

आणि प्रतिष्ठेचं म्हणाल, तर ११ जानेवारी १९२२ला टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसन या मधुमेही मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. अर्क अशुद्ध होता. साखर थोडीशीच उतरली आणि टोचल्या जागी गळू झालं. मग जेम्स कॉलिप या जीवरसायनतज्ज्ञाने अल्कोहोलचं प्रमाण बदलत बदलत अर्क शुद्ध केला. २३ जानेवारीपासून तोच मुलगा सुधारायला लागला. डॉक्टर दोन्ही वेळा हजर होते.

तुमची एक भीती मात्र खरी आहे. रंगाच्या वासात तुम्ही आयुष्य काढलंत, मुलीने पुन्हा ड्रमाजवळ उभं राहू नये असं वाटणारच. इथेही द्रावकं आहेत, रात्रपाळी आहे, सुरुवातीचा पगार बेताचा आहे. नुसत्या बीएस्सीवर तर बहुधा क्यूसीच्या, म्हणजे माल तपासायच्या, टेबलावरच अडकेल. पण मधुमेह आणि वजनावरच्या सेमाग्लुटाइडसारख्या पेप्टाइड (छोट्या प्रथिनांसारख्या) औषधांमुळे या कामाला मागणी आहे. नोकरी मात्र सोलापुरात शोधू नका. बंगळुरूत बायोकॉन, संभाजीनगरला वोक्हार्ट, शिवाय हैदराबाद. गंमत अशी, की ते असिटोनायट्राइल बनवणारी बालाजी अमाइन्स आपल्या सोलापूरचीच.

वाट नेहमीचीच: बीएस्सी व्यवस्थित पूर्ण करा, मग जॅम किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी. 'बायोटेक' नाव नसलं तरी चालेल; ॲनालिटिकल केमिस्ट्री पक्की हवी, आणि एचपीएलसीवर (वर सांगितलेल्या कॉलमच्या यंत्रावर) स्वतःचा हात बसलेला हवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत चिंचोळी एमआयडीसीतल्या एखाद्या औषध कंपनीच्या लॅबमध्ये महिनाभर बिनपगारी का होईना, उभं राहू द्या तिला. आठ तास उभं राहून कंटाळली तर तेही आत्ताच कळेल, आणि मग मला पुन्हा लिहा. या वेळी तिला लिहू द्या.

कोट्यासाठी एफडी मोडली नसेल तर मोडू नका. एमएस्सीच्या हॉस्टेलला लागेल.