शिधा बरोबर असू दे

नागपूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. कोकणच्या किनाऱ्यावर आठवडाभर तंबू ठोकून, जवळ शिधा न घेता, खडकांवरची कालवे, वाळूतल्या तिसऱ्या (म्हणजे लहान शिंपले) आणि रानभाज्या यांवरच राहायचे असा तुझा बेत दिसतो. ‘शिधा न घेता’ एवढे शब्द वगळले तर बेत मला पसंत आहे. माणशी रोज चारशे ग्रॅम तांदूळ, थोडी डाळ, तेल, मीठ, कांदे आणि आमसुले घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नकोस.

शिंपल्यांच्या शंभर ग्रॅम मांसातून साधारण ७० ते ९० किलोकॅलरी मिळतात आणि पालेभाजीतून त्याच्या निम्म्यानेही मिळत नाहीत. दिवसभर चालणाऱ्या तरुणाला दोन हजारांहून अधिक लागतात. म्हणजे रोज अडीच किलोच्या आसपास निव्वळ मांस काढावे लागेल, आणि कवचासकट त्याचे वजन याच्या कितीतरी पट भरेल. ज्यांचा जन्म किनाऱ्यावर गेला तेही तिसऱ्यांचे सुके भाताबरोबरच खातात. आपल्याकडे भंडारा-गोंदियाच्या बाजूला सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या, निघाल्या की घरोघर त्यांची भाजी होते, पण म्हणून त्या दिवशी ताटातला भात कोणी कमी करत नाही.

माझी खरी काळजी मात्र वेगळी आहे. पोटात अन्न असलेला माणूस संशय आला की हातातली वस्तू टाकून देतो. दोन दिवसांचा उपाशी माणूस तीच वस्तू निरखतो आणि ती खाण्याजोगीच आहे, अशी स्वतःची समजूत घालून घेतो. शिधा हवा तो यासाठी.

आता ऋतूचे पाहा, कारण तुझा बेत खरा अडतो तो इथे. रानभाज्या पावसाच्या पहिल्या महिन्या-दीड महिन्यात कोवळ्या असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत समुद्र खवळलेला असतो. यांत्रिक नौकांनाही १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. शेवाळलेल्या खडकावर त्या दिवसांत पाय ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ. समुद्र निवळतो तोवर भाज्या जून होऊन गेलेल्या असतात. तेव्हा दोन्ही एकत्र साधण्याचा हट्ट सोड. किनाऱ्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा काळ घे आणि रानभाज्यांचा अभ्यास त्याआधीच्या पावसाळ्यात इथेच कर.

त्यासाठी तुला रानातही जावे लागणार नाही. जुलैमध्ये बुधवार बाजारात किंवा गोकुळपेठेत फूटपाथवर बसणाऱ्या बायांकडे तरोटा (टाकळा), काटवल (कर्टोली), वास्ते दिसले की थोडे विकत घे आणि निवडायचे कसे, उकळायचे किती, हे त्यांनाच विचार. वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, कच्चे विषारी असतात, म्हणून चिरून, भिजवून, उकळून ते पाणी फेकून द्यावे लागते. कोकणात शेवळे ही रानभाजी शिजवताना काकड नावाच्या झाडाची फळे घालतात, ती घशाला खाज सुटू नये म्हणून. ती न मिळाल्यास शेवळाचा नाद सोडावा. कळलावी मात्र आधी ओळखायला शीक. तिच्या पानाचे टोक तणाव्यासारखे वळलेले असते, फूल लाल-पिवळ्या ज्वाळेसारखे असते, आणि कंद इतका विषारी असतो की कोणताही अनोळखी कंद उकरण्याचा तुझा मोह कायमचा जावा. अळंब्या तर तू स्वतःच्या भरवशावर अजिबात तोडू नकोस. पेंच, उमरेड-कऱ्हांडला यांसारख्या संरक्षित वनांत पानही तोडायचे नसते, हे तुला वेगळे सांगायला नको.

समुद्राचे गणित नागपूरकराला परके असते, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो. किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास; त्याच्या सहा तास आधी आणि नंतर, म्हणजे नऊच्या सुमारास, ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी खूप वर चढते आणि तितकेच खाली जाते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, ते फारसे हलत नाही, आणि खडकही पुरते उघडे पडत नाहीत. पण ऐन अमावास्येची पहाटेची ओहोटी सव्वापाचच्या सुमारास, म्हणजे थंडीत अंधारातच येते. म्हणून द्वितीया ते चतुर्थी हे दिवस धर: उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी उजेडात मिळते. हा अंदाज आहे. जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या छापील वेळांशी तो ताडून पाहा. ओहोटी पुरी होण्याच्या दीड तास आधी उतरावे आणि पाणी वळले की परतावे, मग पिशवी भरलेली असो वा नसो. तंबू वाळलेल्या शेवाळाच्या आणि काटक्यांच्या सर्वांत वरच्या रेषेच्याही वर ठोक.

तिसरी हातात घेतलीस की दुसरीवर हलकेच आपट. जिवंत असेल तर उघडे तोंड मिटते. मिटले नाही तर टाकून दे. काही शिंपा घट्ट मिटलेल्या असूनही जड लागतात आणि त्यांचा आवाज बोथट येतो. त्यांत नुसता चिखल असतो, आणि अशी एक जरी उकळताना फुटली तरी सगळे पातेले वाया जाते. आणलेल्या तिसऱ्या काही तास स्वच्छ समुद्राच्या पाण्यात ठेव, म्हणजे त्या वाळू सोडतात. गोड्या पाण्यात त्या मरतात. उकळताना तोंड उघडल्यानंतरही आणखी चार-पाच मिनिटे आचेवर ठेव, आणि ज्या उघडल्याच नाहीत त्या खाऊ नकोस.

उकळण्याने जंतू मरतात, सगळे विष मरत नाही, हे मात्र पक्के ध्यानात ठेव. शिंपले पाणी गाळून जगतात, त्यामुळे सांडपाण्यातली घाण आणि काही सूक्ष्म शैवालांचे विष त्यांच्या मांसात साठते. ते विष शिजवूनही जात नाही. शहराच्या नाल्याजवळ, बंदरात, किंवा पाण्याला लाल-तपकिरी रंग आला असेल तिथे काहीही वेचू नकोस. केंड माशाचे विषही शिजवून नाहीसे होत नाही, आणि सुंदर नक्षीचा शंकूच्या आकाराचा जिवंत शंख उचलणे जिवावर बेतू शकते. खाल्ल्यावर ओठांना वा जिभेला मुंग्या आल्या तर वाट न पाहता रुग्णालय गाठ. या विषांवर उतारा नाही, पण श्वासाला वेळेत आधार मिळाला तर माणूस वाचतो.

तुझ्या घरी शिंपले कधी शिजलेले नाहीत, तेव्हा त्यांची ॲलर्जी आहे की नाही हेही तुला ठाऊक नसणार. पहिला घास निर्जन किनाऱ्यावर घेऊ नकोस. दवाखाना जवळ असलेल्या गावात, एखाद्या खाणावळीत, थोडेसे खाऊन दुसऱ्या दिवसापर्यंत थांब.

पहिले दोन दिवस स्वतः काही वेचू नकोस. ओहोटीला खाडीत उतरणाऱ्या बायांना ‘काकी, मी बरोबर येऊ का?’ असे विचारून त्यांच्या मागे टोपली धर. त्यांचा संसार त्यावर चालतो, म्हणून त्यांच्या जागेवर तू नंतर एकट्याने जाऊ नयेस आणि लहान तिसऱ्या जिथल्या तिथे ठेवाव्यास. मालवणचा काही समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, आणि प्रवाळाला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. तो तुटून पडलेला दिसला तरी खिशात घालू नकोस.

पिण्याच्या पाण्याची सोय गावातल्या विहिरीवर आधी विचारून ठेव. निघण्याची तिथी ठरली की कळव. माझ्याकडचा तीन लिटरचा कुकर रिकामाच असतो, तो येऊन घेऊन जा.

तुझा हितचिंतक