पाणीकपातीत सोसायटीची झाडं कशी जगवायची?

प्रश्न: आमच्या सोसायटीत सध्या पाणीकपात आहे, टँकर मागवावे लागतायत म्हणून कमिटीने झाडांचं पाणीच बंद केलंय. आधी माळी रोज पाच मिनिटं पाईप मारायचा. दोन वर्षांपूर्वी लावलेली ताम्हण आणि बकुळ पिवळी पडलीत, जुना बहावा तर पार बोडका झालाय. खत घालू का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर: बहाव्याचं टेन्शन घेऊ नका, तो उन्हाळ्यात पानं गाळतोच आणि मग फुलतो. तरी खात्री हवी असेल तर बारीक फांदीची साल नखाने खरवडा, आत हिरवं दिसलं की फांदी जिवंत. खरी काळजी ताम्हण-बकुळीची आहे, पहिली दोन-तीन वर्षं मुळं लांब गेलेली नसतात त्यामुळे त्यांचं पाणी तोडलं तर ती जातील, हे कमिटीला ठणकावून सांगा.

आणि पाणी फार लागतच नाही हेही सांगा. रोज पाईप मारून वरची दोन इंच माती ओली होते, ते पाणी उडून जातं आणि मुळंही वरवरच राहतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदाच, 20 लिटरच्या जुन्या कॅनला तळाशी बारीक भोक पाडून बुंध्यापासून वीत-दीड वीत लांब ठेवा, एका झाडाला असे दोन कॅन, म्हणजे पाणी हळूहळू खोल मुरतं. दुसऱ्या दिवशी लोखंडी सळई खुपसा, फूटभर सहज गेली तर पुरलं, अडली तर अजून द्या. मोठ्या झाडाला मात्र बुंध्याशी ओतून उपयोग नाही, फांद्यांच्या टोकांखाली द्यायचं. एसीचं पाणी बिनधास्त वापरा, आरओचं वाया जाणारं पाणी खारट असतं, ते सारखं नको.

झाडलेला पाचोळा कचऱ्यात देऊ नका प्लीज! तोच आळ्यात तीन-चार इंच पसरा, फक्त बुंध्याला टेकवू नका. बुंध्याला पेव्हर ब्लॉक भिडलेले असतील तर मीटरभर काढून घ्या, राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं, कमिटीला हा दाखला द्या.

खत आत्ता अजिबात नको. कोरड्या मातीत रासायनिक खताने मुळं भाजतात, आणि नवी पालवी फुटली तर तिला पाणी कुठून आणणार? जूनमध्ये दोन-चार चांगल्या सरी पडल्या की शेणखत घाला.