अंगावरची सरकती रेघ आणि पोटातले जंत

प्रश्न : मुळशीत आमची भातशेती आहे. सासरे ६४ वर्षांचे असून दर वर्षी लावणीला अनवाणीच चिखलात उतरतात. वर्षभर त्यांच्या अंगावर गांधी उठतात. कधी कमरेखाली लाल, खाजरी रेघ उमटते आणि दुसऱ्या दिवशी दिसतही नाही. रक्तात इओसिनोफिल (ॲलर्जीत किंवा जंतांमुळे वाढणाऱ्या पांढऱ्या) पेशी वाढल्या आहेत. जंताची एक गोळी देऊनही फरक पडला नाही. आता खाजेसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या सुचवल्या आहेत. त्या द्याव्यात का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : जंतांची तपासणी पूर्ण होईपर्यंत त्या गोळ्या सुरू करू नयेत, आणि हे कारण सांगून डॉक्टरांशी आजच बोलावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तुमच्या पत्रातली रेघ मला फार महत्त्वाची वाटते. ती पुन्हा उमटली की तिच्या टोकाशी पेनाने खूण करा आणि तासाभराने पाहा. स्ट्राँगिलॉइडिस नावाच्या सूक्ष्म कृमीच्या अळ्या त्वचेतून तासाला ५ ते १० सेंटिमीटर सरकू शकतात. कुत्र्या-मांजरांच्या कृमींमुळेही अशी नागमोडी रेघ उमटते, पण ती सावकाश वाढते आणि कित्येक दिवस टिकते. स्ट्राँगिलॉइडिसच्या अळ्या ओल्या मातीतून तळपायाच्या त्वचेवाटे शरीरात शिरतात आणि अखेर लहान आतड्यात वाढतात. त्यांची पुढची पिढी आतड्यातून किंवा गुदद्वाराजवळच्या त्वचेतून पुन्हा शरीरात शिरत असल्यामुळे हा संसर्ग उपचारांवाचून दशकानुदशके राहू शकतो. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबली, तर या अळ्या बेसुमार वाढून शरीरभर पसरतात आणि जिवावर बेतते.

शौचाच्या एकाच तपासणीत हा कृमी अनेकदा सापडत नाही. त्यामुळे वेगवेगळ्या दिवशींचे किमान तीन नमुने तपासावेत आणि शक्य असल्यास रक्तातील प्रतिपिंडांचीही (अँटिबॉडीजचीही) चाचणी करावी. अल्बेंडाझोलची एक गोळी इतर अनेक जंतांवर चालते, या कृमीला मात्र ती पुरत नाही. यावरचे मुख्य औषध आयव्हरमेक्टिन असून त्याची मात्रा वजनानुसार डॉक्टरच ठरवतील.

प्रत्येक गांधीमागे जंत नसतात. औषधे, अन्न, विषाणुसंसर्ग अशी इतरही कारणे असतात. मुलांच्या गालांवरचे फिकट पांढरे डाग तर आपल्याकडे सर्रास जंतांच्या नावावर खपतात, पण ते बहुधा कोरड्या त्वचेचे असतात.

सासऱ्यांबरोबर अनवाणी लावणी करणाऱ्या घरच्या इतरांनीही तपासणी करून घ्यावी, आणि पुढच्या लावणीला सर्वांनी गमबूट घालूनच खाचरात उतरावे.