हुबेहूब प्राणी घडवायचे असतील तर सुरुवात दारातल्या शेळीपासून करा

आपण विचारले आहे की सोलापुरात नोकरी सांभाळून, कलाशाळेत न जाता, तळहातावर मावतील अशा हुबेहूब प्राण्यांच्या मूर्ती करायला शिकता येईल का, त्यासाठी कोणती माती घ्यावी आणि पहिली मूर्ती वाघाची केली तर चालेल का. शिकता येईल, हे मी या छंदात अनेक वर्षे रमलेला माणूस म्हणून खात्रीने सांगतो. मातीबद्दल पुढे लिहितो, कारण तो प्रश्न वाटतो तितका मोठा नाही. वाघ मात्र सध्या बाजूला ठेवावा आणि उस्मानाबादी शेळीपासून सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे.

वाघ आपण बहुतेक छायाचित्रांतच पाहिलेला असतो. छायाचित्र एका बाजूचे असते आणि मूर्ती चारही बाजूंनी पाहिली जाते. छाती समोरून किती रुंद आहे, वरून पाहिल्यास पोट बरगड्यांच्या किती बाहेर येते, मागचे पाय एकमेकांच्या किती जवळ पडतात, या गोष्टी छायाचित्र सांगत नाही, आणि मग हात अंदाजाने काम करू लागतो. उस्मानाबादी शेळी आपल्याकडे शहरातल्या वस्त्यांतही सहज दिसते. तिच्याभोवती फिरता येते, तिच्यासमोर बसून चित्रे काढता येतात आणि मालकाची परवानगी घेतली तर शिंप्याच्या टेपने मापेही घेता येतात. खांद्यापाशी उंची, छातीचा घेर, छातीपासून ढुंगणापर्यंतची लांबी, डोळ्यापासून नाकपुडीपर्यंतचे अंतर, कानाची लांबी आणि पुढच्या गुडघ्यापासून खुरापर्यंतचे माप एवढे वहीत उतरवावे. प्रमाण १:१० ठेवावे. खांद्यापाशी शेळी ७० सेंमी भरली तर मूर्ती ७ सेंमीची होते, आणि प्रत्येक मापाला १० ने भागायचे असल्याने चूक होण्याची शक्यता कमी राहते. पुढे याच प्रमाणात बैल किंवा काळवीट केले की ते फळीवर शेजारी शेजारी ठेवल्यावर खऱ्या आकाराचा फरक आपोआप दिसतो.

आता मुख्य गोष्ट. मूर्ती खरी वाटते ती केसांच्या रेघांमुळे, असे नवशिक्यांना वाटते. माझा अनुभव वेगळा आहे. प्राणी आपले वजन कसे पेलतो आहे हे मूर्तीत दिसले, तर अंगावर एकही केस कोरलेला नसला तरी ती जिवंत वाटते, आणि ते चुकले तर कितीही बारकावे काढले तरी ती खेळण्यातलीच राहते. म्हणून हाडे समजून घेण्यात वेळ घालवावा. शेळीच्या पुढच्या पायाचा जो गुडघा आपण म्हणतो तो वास्तविक तिच्या हाताचे मनगट आहे, आणि मागच्या पायात उलट वळलेला जो सांधा दिसतो ती तिची टाच आहे. खरा गुडघा त्याच्या वर, पोटालगत, कातडीच्या घडीत अर्धा लपलेला असतो. शेळी बोटांच्या टोकांवर, म्हणजे नखांवर उभी असते. ती नखे म्हणजेच खूर. हे एकदा नीट उमगले की पाय कुठे वाकेल आणि कुठे वाकणार नाही, याबद्दल शंका उरत नाही.

खांद्याकडे विशेष लक्ष द्यावे. शेळीला गळ्याजवळचे आडवे हाड नसते, त्यामुळे तिच्या पुढच्या पायांचा धडाशी हाडाने जोड नसतो. खांद्याच्या दोन पात्यांच्या मध्ये छाती स्नायूंनी टांगलेली असते. शेळी एक पाय उचलते तेव्हा ज्या पायावर भार आला त्या बाजूचे पाते किंचित वर सरकते आणि पाठीच्या रेषेपाशी उंचवटा दिसतो. सात सेंमीच्या मूर्तीत हा फरक जेमतेम एक मिलिमीटरचा असतो, पण तो केला की पाहणाऱ्याला शेळी आता पाऊल टाकणार असे वाटते. दुसरी गोष्ट पोटाची. रवंथ करणाऱ्या जनावराचे मोठे पोट डाव्या अंगाला असते, म्हणून चरून आलेल्या शेळीची डावी भकाळी (बरगड्या आणि मांडी यांच्यामधली कूस) भरलेली असते आणि उजवी बाजू तुलनेने सपाट दिसते. दोन्ही बाजू मापून सारख्या केलेली शेळी मला नेहमीच उपाशी आणि निर्जीव वाटते. तिसरे म्हणजे पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या आणि मागच्या पायाच्या टाचेच्या खाली मांस जवळजवळ नसतेच. तिथे हाड, शिरा आणि कातडी एवढेच असते. मूर्ती मोडेल या भीतीने तो भाग जाड केला जातो आणि सगळी मेहनत तिथे वाया जाते. मजबुती आतल्या तारेने आणावी, मातीच्या थराने नव्हे.

तारेचा सांगाडा असा करावा. आलेखाच्या कागदावर शेळीचे बाजूचे चित्र मूर्तीच्या प्रत्यक्ष आकारात काढावे, त्यावर सांध्यांच्या जागी ठिपके द्यावेत आणि तार त्या चित्रावर ठेवूनच वाकवावी. कण्यासाठी साधारण २ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची तार आणि पायांसाठी तिच्याहून बारीक तार पुरते. पायाच्या तारा खुरांच्या खाली दोन सेंमी लांब सोडून लाकडी ठोकळ्याच्या भोकांत बसवाव्यात, म्हणजे काम करताना मूर्ती स्थिर राहते. छाती आणि पोट यांच्या जागी ॲल्युमिनियमचा कागद घट्ट दाबून बसवावा. त्याने वजन आणि माती दोन्ही वाचतात. मग सांध्यांवर थोडे एम-सील लावून सांगाडा कडक होऊ द्यावा. त्यानंतर तार हलत नाही आणि वरचा थर तडकत नाही.

माती कोणती, याचे उत्तर दोन टप्प्यांत आहे. सरावासाठी गणपतीच्या कामातली शाडू माती उत्तम आणि स्वस्त आहे. ओली ठेवावी, मोडावी, पुन्हा करावी. मात्र ती वाळताना आकसते, त्यामुळे तारेवर लावली की हमखास भेगा पडतात. म्हणून तिच्यात फक्त डोके, खूर, बसलेली शेळी असे बिनतारेचे अभ्यास करावेत. टिकाऊ मूर्तीसाठी दोन पर्याय आहेत. दोन घटक मळून वापरायची इपॉक्सी माती, उदाहरणार्थ भित्तिचित्रांसाठी मिळणारी फेविक्रिल मोल्डइट, भाजावी लागत नाही. ती काही वेळ मऊ राहते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्ण कडक होते. मळताना हातमोजे घालावेत, कारण इपॉक्सीची त्वचेला ॲलर्जी जडली तर ती सहसा कायमची राहते. घासकाम करताना तोंडाला चांगला मास्क हवा. दुसरा पर्याय पॉलिमर क्लेचा. ती भाजेपर्यंत मऊ राहते, त्यामुळे रोज रात्री थोडे थोडे काम करणाऱ्या नोकरदार माणसाला ती फार सोयीची पडते. कंपनीप्रमाणे साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसवर ती ओटीजीमध्ये, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये भाजतात. पाकिटावर दिलेले तापमान पाळावे आणि ओटीजीच्या बटणावर विश्वास न ठेवता आत वेगळा तापमापक ठेवावा. ही माती मुळात पीव्हीसी असल्याने करपली तर घातक वायू सोडते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात. कान आणि शेपूट यांसारखे पातळ भाग ॲल्युमिनियमच्या कागदाने झाकावेत.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा इथे वेगळा विचार करावा लागतो. पारा चाळिशीपार गेला की इपॉक्सी हातातच आवळू लागते, आणि पॉलिमर क्ले खिडकीत किंवा बंद गाडीत राहिली तर न भाजताच अर्धवट कडक होते. बाहेरगावाहून मागवायची असेल तर थंडीत मागवावी आणि घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावी. मी स्वतः एप्रिल-मेमध्ये घडवण्याचे काम पहाटे करतो आणि दुपारी फक्त चित्रे काढतो.

डोळा आधी बसवावा आणि पापण्या नंतर. या प्रमाणात डोळ्याचा गोळा अडीच ते तीन मिलिमीटरचा होतो. तो वेगळा भाजून किंवा कडक करून खोबणीत ठेवावा आणि मातीची सुईएवढी बारीक वळी वर-खाली लावून पापण्या कराव्यात. शेळीचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात आणि बाहुली आडवी असते. विशेष म्हणजे शेळी चरायला मान खाली घालते तेव्हा तिचा डोळा खोबणीत फिरतो आणि बाहुली जमिनीला समांतरच राहते. म्हणून मान खाली घातलेली शेळी करत असाल तर बाहुली तोंडाच्या रेषेत रंगवू नका, जमिनीच्या रेषेत रंगवा.

केसांबाबत थोडक्यात सांगतो. खरा केस १० ने भागला तर तो कोणत्याही सुईने कोरता येत नाही. त्यामुळे सगळे अंग रेघांनी भरू नये. पाठीची कड, मांडीची मागची बाजू आणि शेपटी इथेच, केस ज्या दिशेने वळतात त्या दिशेने, हलके झुबके सुचवावेत. रंग ॲक्रिलिक, पातळ आणि अनेक थरांत द्यावा. काळ्या शेळीला डबीतला काळा लावला की सगळे उंचवटे गिळले जातात; गडद तपकिरी आणि गडद निळा मिसळून काळा तयार करावा, आणि उन्हात राहणाऱ्या शेळीच्या पाठीवर जी तांबूस झाक येते ती वरून कोरड्या कुंचल्याने द्यावी. शेवटी मॅट वॉर्निश, आणि चकाकी फक्त डोळ्यांना.

शेळी जमली की खिलार बैलाकडे वळावे. सांगोल्याचा जनावरांचा बाजार आणि पंढरपूरच्या कार्तिकी वारीतला बाजार इथे एकाच दिवशी जितके खिलार बारकाईने पाहता येतात तितके अन्यत्र क्वचितच पाहता येतील. बेंदराला कुंभार जे मातीचे बैल विकतात ते हुबेहूब नसतात, तरी वशिंड आणि शिंगे एवढ्यावरच तो बैल म्हणून ओळखू येतो. नजर प्रथम काय टिपते हे त्यातून शिकावे. त्यानंतर काळवीट. १९७९ साली स्थापन झालेले नान्नजचे माळढोक अभयारण्य आपल्या अगदी जवळ आहे, आणि त्या माळावर काळविटांचे कळप दुर्बिणीतून छान पाहता येतात. मोठ्या नराची शिंगे पिळाची आणि कड्यांची असतात. १:१० प्रमाणात ती सहा सेंमीपर्यंत जातात, म्हणजे आठ सेंमी उंचीच्या धडावर ती केवढी मोठी दिसतात याची कल्पना येईल. अभ्यासासाठी म्हणून कुणी खरे शिंग देऊ केले तर कृपया घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली ते जवळ बाळगणे हा गुन्हा आहे.

मूर्ती पूर्ण झाली की ती आधी शेळ्या राखणाऱ्या माणसाला दाखवावी. त्याला काही सांगू नये. ही शेळी आहे की बोकड, वय किती असेल आणि ती काय करते आहे, एवढेच विचारावे. तो जिथे अडखळेल तो भाग पुन्हा मापून पाहावा.